पावशेर भेंडी, तीन माणसं : साताऱ्यातल्या एका घरात राष्ट्रीय आहार मार्गदर्शिका

कंबर मोजायला मी टेप घेतली, तर मास्तरांनी ती माझ्या हातातून काढूनच घेतली. "ताई, ही ताणलेली आहे. कापडी टेप जुनी झाली की पाव इंच खाते." खिशातून स्वतःची काढली, एक टोक माझ्याकडे दिलं आणि पोट आत ओढून उभे राहिले. श्वास सोडा म्हटलं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मध्यावर माप आलं साडेएकोणचाळीस इंच, म्हणजे शंभर सेंटिमीटर. त्यांना ते पटेना. "माझ्या पँटीला मी छत्तीस लावतो!" लावत असतील. पण पँट पोटाच्या खाली बसते, टेप पोटावर बसली होती. भारतीय पुरुषांसाठी धोक्याची रेघ नव्वद सेंटिमीटरला आहे, जेमतेम साडेपस्तीस इंच. दिवसभर लोकांच्या कंबरा मोजणाऱ्या या शिंप्याने स्वतःची कंबर लग्नाच्या सुटानंतर मोजलेली नव्हती.

ही गोष्ट जानेवारी २०२५ची. संक्रांत नुकतीच होऊन गेली होती, मास्तर येताना तिळगुळाची पुडी घेऊन आले होते. मी साताऱ्यात आहारतज्ज्ञ म्हणून काम करते आणि हे प्रकरण त्यांच्या परवानगीने लिहिते आहे. नाव देत नाही, बाजारपेठेत सगळे त्यांना मास्तर म्हणतात, तेच पुरे. वय ५२, उंची १६५ सेंटिमीटर, वजन ७८ किलो, बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन सांगणारा आकडा, २८.६. आपल्याकडे तेवीसच्या पुढे जास्त वजन आणि पंचवीसच्या पुढे लठ्ठपणा धरतात. रक्तदाब १३८/८८. तीन महिन्यांच्या साखरेची सरासरी सांगणारी एचबीएवनसी तपासणी ६.२. ५.७ ते ६.४ हा पट्टा मधुमेहाच्या उंबरठ्याचा. त्यांच्या डॉक्टरांनी गोळी लिहिली नाही. तीन महिने खाणं आणि चालणं सुधारून या, मग बघू, असं म्हणून माझ्याकडे पाठवलं होतं.

उंबरठ्यावर मास्तर एकटे नाहीत. आयसीएमआर, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद, हिच्या देशव्यापी पाहणीचे आकडे २०२३ साली प्रसिद्ध झाले, त्यात मधुमेही १० कोटी १० लाख आणि उंबरठ्यावरचे १३ कोटी ६० लाख निघाले. आत शिरलेल्यांपेक्षा दारात ताटकळणारेच जास्त.

दुकान राजवाड्याजवळच्या एका बोळात. घर शाहूपुरीत, सुमारे दोन किलोमीटरवर, जाणं-येणं स्कूटरने. सकाळी नऊ ते रात्री आठ मशिनवर. आधी पायाने चालवायचं मशिन होतं, पुढे त्याला मोटार बसवली. "पाय रिकामे झाले आणि पोट कामाला लागलं," हे त्यांचंच निदान. दिवसात सहा चहा. आदल्या दिवशी काय खाल्लं विचारलं, तर "काही विशेष नाही, साधंच." साधंच म्हणजे सकाळी बशीभर पोहे, दुपारी डब्यात तीन भाकरी, भात, आमटी, भाजी, पाचला चहाबरोबर खारी, रात्री तीन चपात्या, परत भात. पीठ-तांदळाच्या भाषेत मांडलं तर पोहे ८० ग्रॅम, भाकऱ्यांचं पीठ १८०, दुपारचा तांदूळ ६०, चपात्यांची कणीक १०५, रात्रीचा तांदूळ ५०. बेरीज ४७५ ग्रॅम धान्य. खारी त्यात धरलेली नाही. डाळ मात्र दिवसभरात पस्तीसएक ग्रॅम, कारण आमटी अशी की वाटीचा तळ दिसावा.

भिंतीवरचं ताट

इथे मी एक चूक केली, ती आधी सांगते.

हैदराबादची राष्ट्रीय पोषण संस्था भारतीयांसाठी आहार मार्गदर्शिका काढते. १९१८ साली तमिळनाडूतल्या कुन्नूरला बेरीबेरी रोगाच्या चौकशीसाठी एक लहानशी शाखा उघडली, तीच वाढत जाऊन १९५८ साली हैदराबादला गेली आणि आजची संस्था झाली. बेरीबेरी हा कोंडा काढलेल्या पांढऱ्या तांदळावर भागवणाऱ्यांचा रोग. म्हणजे 'नुसत्या धान्यावर भागवू नका' हे सांगणं या संस्थेच्या जन्मापासूनचं आहे. मार्गदर्शिका पहिल्यांदा १९९८ साली आली, मग २०११ साली सुधारली, आणि मे २०२४मध्ये नवी आली. तीत सतरा सूत्रं आहेत आणि 'दिवसाचं ताट' म्हणून एक चित्र आहे. दोन हजार कॅलरींच्या दिवसासाठी भाज्या ४०० ग्रॅम, त्यात पालेभाजी धरून, फळं १००, धान्य आणि भरडधान्य २५०, डाळी-अंडी-मांसमासे मिळून ८५, दाणे आणि तेलबिया ३५, दूध किंवा दही ३०० मिलिलिटर, तेल-तूप २७ ग्रॅम. धान्यातून मिळणारी ऊर्जा एकूण ऊर्जेच्या ४५ टक्क्यांपर्यंत असावी, असं ती म्हणते. आपल्याकडे हा वाटा ५० ते ७० टक्के असतो, हेही तिनेच नोंदवलं आहे. मास्तर त्या पट्ट्याच्या वरच्या टोकाला बसले होते.

मी काय केलं, तर त्या ताटाची रंगीत प्रत काढून त्यांच्या हातात दिली, अर्धा तास समजावलं आणि महिन्याने या म्हटलं. त्यांनी ती दुकानात आरशाशेजारी लावली. गिऱ्हाईक ट्रायल घेताना वाचायचं, "वा मास्तर, डाएट?" म्हणायचं, आणि मास्तरांना बरं वाटायचं.

फेब्रुवारीच्या अखेरीस आले तेव्हा वजन ७८.४. वर चेहरा उतरलेला. "ताई, उपाशी राहून वजन वाढतं हे पहिल्यांदाच बघितलं." खोदून विचारल्यावर उलगडलं. त्यांनी २५० ग्रॅम हे शिजलेल्या अन्नाचं वजन धरलं होतं. दुकानात वजनकाटा होता, त्यावर डबा ठेवून भाकरी-भात मोजून दिवसभराचे अडीचशे ग्रॅम पाळत होते. भाकरीच्या पिठात पाणी असतं. पन्नास ग्रॅम तांदळाचा शिजून दीडशे ग्रॅम भात होतो. त्यामुळे त्यांच्या वाट्याला दोन भाकऱ्या आणि चमचाभर भात, बस्स. डाळीचंही तेच. ८५ ग्रॅम म्हणून छोटी वाटीभर पातळ वरण खाऊन ते मोकळे होत होते. दुपारी चार वाजता भूक खवळायची, मग बोळाच्या तोंडावरचे वडे, खारी, आणखी दोन चहा. ताटातली सगळी वजनं कच्च्या मालाची असतात, हे मी सांगितलं होतं का? सांगितलं असणार, एका वाक्यात, इतर वीस वाक्यांच्या गर्दीत.

आणि भाजीचं काय, विचारल्यावर म्हणाले, "भाजी वाढवली की. आधी पावशेर भेंडी आणायचो, आता कधी कधी अर्धा किलो आणतो." पावशेर भेंडी, तीन माणसांत, दोन्ही वेळची. देठं काढल्यावर माणशी सत्तर-ऐंशी ग्रॅम. तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला की ताटाचं चित्र मी चुकीच्या माणसाला, चुकीच्या ठिकाणी दिलं होतं. ताटात काय पडणार ते ताटाशी ठरतच नाही. ते आदल्या संध्याकाळी मंडईत ठरतं, आणि महिन्याच्या एक तारखेला वाण्याच्या चिठ्ठीत ठरतं. मास्तर मंडईत जात होते, चिठ्ठी वहिनी, म्हणजे त्यांच्या पत्नी, लिहीत होत्या, आणि माझं ताट लोंबकळत होतं आरशाशेजारी.

पुढच्या वेळी वहिनींना घेऊन या म्हटलं, आणि येताना वाण्याची चिठ्ठी आणा.

वाण्याची चिठ्ठी

वहिनी मार्चच्या पहिल्या आठवड्यात आल्या. वय ४७. चिठ्ठी कॅलेंडरच्या फाडलेल्या पानामागे लिहिलेली. घरात तीन माणसं, हे दोघं आणि मास्तरांच्या आई, शहात्तर वर्षांच्या. मुलगी लग्न होऊन कराडला, मुलगा नोकरीला पुण्यात.

चिठ्ठीत होतं ते असं. गहू दहा किलो, ज्वारी बारा, तांदूळ सात, पोहे-रवा मिळून दोन. साखर पाच किलो. तेल चार लिटर. तूरडाळ दीड किलो, मूग, बेसन आणि मटकी प्रत्येकी अर्धा किलो. शेंगदाणे दीड किलो. मिठाचा एक पुडा. चहा, मसाले, पापड, बाकी किरकोळ.

मी कागदाच्या दुसऱ्या बाजूला मार्गदर्शिकेचे ग्रॅम घेतले, तीनने गुणले, तीसने गुणले. धान्य साडेबावीस किलो हवं, येत होतं एकतीस. डाळी साडेसात किलोच्या वर हव्यात, येत होत्या तीन. साखरेचं सांगणं एकूण कॅलरींच्या पाच टक्क्यांच्या आत, म्हणजे माणशी दिवसाला जास्तीत जास्त पंचवीस ग्रॅम, तिघांची महिन्याची सव्वादोन किलो. इथे पाच. तेल २७ ग्रॅमच्या हिशेबाने अडीच-पावणेतीन लिटर, इथे चार. मीठ दिवसाला पाच ग्रॅम माणशी, म्हणजे एक किलोचा पुडा दोन महिने पुरायला हवा. इथे महिन्यात संपतो, आणि पापड-लोणचं वेगळं. भाजी, बटाटा-कांदा सोडून, महिन्याला छत्तीस किलो हवी. मास्तर आणत होते पंधराच्या आसपास.

म्हाताऱ्या बाईला आणि बसून काम करणाऱ्याला दोन हजार कॅलरी लागतातच असं नाही, तेव्हा हे आकडे ढोबळ. पण ढोबळ आकड्यांनीच काम झालं. वहिनी चिठ्ठीकडे बघत राहिल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे ह्यांचं पोट माझ्या अक्षरात लिहिलंय म्हणा की."

एका ओळीवर त्या थबकल्या. शेंगदाणे. मार्गदर्शिकेच्या हिशेबाने दाणे आणि तेलबिया तीन किलोच्या वर बसत होत्या आणि घरात येत होते दीड किलो. "म्हणजे कूट वाढवायचं? तुम्ही सगळं कमीच करायला सांगता असं ऐकलं होतं." हो, कूट वाढवायचं, तेल कमी करायचं. दाण्यातही तेलच आहे, पण ते प्रथिनं आणि तंतू बरोबर घेऊन येतं. जवस, कारळं, तीळ यांच्या चटण्या आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या आहेत, त्या या रकान्यात थेट बसतात. बाहेरच्या महागड्या बियांच्या पुड्या कुणी आणाव्यात असं मला कधीच वाटलेलं नाही. वहिनींना कारळ्याची चटणी यायची, पण मास्तरांना फरसाण आवडतं म्हणून ती मागे पडली होती.

मग मी विचारलं, भाजी तिघांना कशी पुरते? त्या सहज म्हणाल्या, "पुरवायची. ह्यांच्या डब्यात जाते, आत्यांना मऊ लागते म्हणून त्यांना थोडी, माझं लोणच्यावर भागतं." इतकं सहज, की ऐकून न ऐकल्यासारखं पुढे गेले असते. त्यांच्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघितली. पांढुरकी. जेवण झालं की ओट्याशी उभ्या उभ्याच चहा घ्यायचा, ही त्यांचीही सवय होती. चहातली टॅनिनं जेवणातल्या लोहाला शोषू देत नाहीत, म्हणूनच जेवणाच्या आधी आणि नंतर तासभर चहा-कॉफी नको असं मार्गदर्शिका सांगते. रक्त तपासायला पाठवलं तर हिमोग्लोबिन ९.६. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या पाचव्या फेरीत देशातल्या १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के बायका रक्तक्षयी निघाल्या होत्या, त्यातली एक माझ्यासमोर मास्तरांच्या मधुमेहाची काळजी करत बसली होती. डॉक्टरांनी लोहाच्या गोळ्या सुरू केल्या.

इथून प्रकरण एका पेशंटचं राहिलं नाही. पिशवी मोजली म्हणून ते दिसलं. नुसतं मास्तरांचं ताट सुधारत बसले असते, तर वहिनींच्या वाट्याची उरलीसुरली भाजीसुद्धा त्यांच्याच डब्यात गेली असती, आणि मी कागदावर यश म्हणून नोंदवलं असतं.

काय बदललं, काय नाही

छत्तीस किलो भाजी परवडणार नाही हे मास्तरांनी पहिल्याच मिनिटाला सांगितलं, आणि ते खरं होतं. आम्ही रोजचा एक किलो धरला. त्यात एक पालेभाजीची जुडी आणि एक काहीतरी कच्चं खाण्यासारखं, काकडी, मुळा, गाजर, टोमॅटो, जे स्वस्त असेल ते. नियम एकच, पिशवी किलोची झाल्याशिवाय मंडईतून निघायचं नाही. शिंप्याला मापाचं सांगितलं की तो ऐकतो. घासाघीस करण्यातही ते पटाईत. पालेभाजीचं गरगट्टं व्हायला लागलं, चाकवत, पालक, अंबाडी, जे मिळेल ते, आणि त्यात मूठभर डाळ. एका पातेल्यात दोन रकाने भरतात. पावसाळ्यात भाजी कडाडली तेव्हा आजी मदतीला आल्या. त्यांचं माहेर जावळीतलं. बाजारात टोपल्या घेऊन बसणाऱ्या बायकांकडून टाकळा आणि कुर्डू त्यांनी आणवला, स्वतः निवडला, आणि चार वर्षांत पहिल्यांदा स्वयंपाकघरात येऊन सुनेला फोडणी सांगितली. वहिनींनी हे मला जरा तक्रारीच्या सुरातच सांगितलं.

डाळ तीनवरून पाच किलोवर आली. साडेसात गाठायचा आग्रह मी धरला नाही, कारण अंडी सुरू झाली आणि रविवारचं चिकन होतंच. मटण-चिकनच्या रश्श्यावरचा कट अर्धा काढून ठेवायचा, एवढीच त्यात दुरुस्ती. आमटी दाट झाली. पिठलं आठवड्यातून दोनदा. धान्य-डाळीचं प्रमाण कच्च्या वजनात तीनास एक असलं की प्रथिनांचा दर्जा सुधारतो. ज्वारीची भाकरी आणि पिठलं हे त्याचंच आपल्या बोलीतलं रूप, फक्त तीन भाकरींना दोन चमचे पिठलं असा हिशेब नको. दुपारच्या तीन भाकऱ्यांच्या दोन झाल्या, रात्रीचा भात गेला, दुपारचा राहिला. रात्रीचा भात सोडणं मास्तरांना सगळ्यात जड गेलं. त्यांनी तो दोनदा परत आणला आणि दोनदा स्वतःच सोडला. मी मध्ये पडले नाही.

दूध रोज लिटरभर यायचं, म्हणजे मार्गदर्शिकेच्या हिशेबात अगदी बसणारं. पण ते जवळजवळ सगळं चहात जायचं आणि आपल्याबरोबर साखर घेऊन जायचं. निम्म्याचं दही लावायला सांगितलं. डब्याबरोबर ताकाची बाटली जाऊ लागली. जेवणानंतरचा चहा दोघांनीही तासभर पुढे ढकलला. चहा सहाचे चार झाले, साखर दोन चमच्यांवरून एकावर आली. गिऱ्हाइकाने मागवलेल्या चहाला नाही म्हणता येत नाही, ही त्यांची अडचण मला मान्य आहे. धंद्यात चहा नाकारणं म्हणजे माणूस नाकारणं. मग कटिंग, आणि त्यातही अर्धा. साखर पाचवरून तीन किलोवर येऊन थांबली, त्याखाली गेली नाही.

उपवासाचं प्रकरण वेगळंच. मास्तर सोमवार आणि एकादशी धरतात. श्रावणात सोमवारचा उपवास म्हणजे सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी साबुदाणा वडा, संध्याकाळी बटाट्याचा चिवडा. साबुदाणा हा निव्वळ स्टार्च, त्याच्याबरोबर ताटातला दुसरा एकही रकाना येत नाही, आले तर थोडे दाणे. उपवास सोडा असं मी कधी सांगत नाही, तो माझा प्रांत नाही. पण उपवासाच्या पदार्थांतच वरी आहे, आणि वरी हे भरडधान्य आहे. वरीचा भात, दाण्याची आमटी, काकडीची कोशिंबीर, उकडलेलं रताळं, दही. धान्य, दाणे, भाजी, दूध, चार रकाने भरले आणि व्रतही अभंग. वहिनी हसून म्हणाल्या, "आमच्या आईकडं असंच असायचं. साबुदाणा तर पाहुणे आले की."

बॉबिन संपली की उठायचं

चालण्याचं मास्तरांना सांगावं लागलं नाही, वेळ नाही हे त्यांनीच सांगितलं. सकाळी व्यायामासाठी वेगळा वेळ काढणारा माणूस हा नाही, हे ओळखून मी स्कूटरवर बोट ठेवलं. घर ते दुकान चालत पंचवीस मिनिटं. जाऊन-येऊन पन्नास. जागतिक आरोग्य संघटना प्रौढांसाठी आठवड्याला किमान १५० मिनिटं मध्यम श्रमाची हालचाल सांगते. सहा दिवसांत मास्तरांची तीनशे होतात, वेगळा वेळ न काढता. अट एकच, चालताना बोलता यावं पण गाणं म्हणता येऊ नये, इतका वेग. मार्चच्या मध्यापासून स्कूटर घरी राहिली.

जपानने २००५ साली आपली आहार मार्गदर्शिका भोवऱ्याच्या आकारात काढली, आणि त्या भोवऱ्याच्या वर एक माणूस पळताना दाखवला. तो पळाला तरच भोवरा फिरतो, नाहीतर लवंडतो. मास्तरांना मी हे सांगितलं तर म्हणाले, "आमचा भोवरा खुर्चीवर बसलाय." तो खुर्चीवरचा भाग खरोखरच अवघड होता. सलग तीन-तीन तास बसणं चालण्याने भरून निघत नाही. घड्याळाचा गजर लावून बघितला, दोन दिवसांत वैताग आला. उपाय शेवटी मशिनमध्येच सापडला, खालच्या दोऱ्याच्या छोट्या रिळात, म्हणजे बॉबिनमध्ये. बॉबिन संपली की उठायचं. दोरा भरायच्या आधी खुर्चीवरून दहा वेळा उठबस, हात न टेकता. बॉबिन कामाप्रमाणे कधी अर्ध्या तासात संपते, कधी तासाभरात. मांड्यांच्या स्नायूंना काम मिळतं, आणि जेवणातली साखर उचलून नेणारं मोठं गिऱ्हाईक हे स्नायूच. दुकानातला पोरगा पहिले आठ दिवस हसला, मग तोही करू लागला.

मे-जूनमध्ये सगळं कोलमडलं. आधी लग्नसराई, मग शाळेचे गणवेश. रात्री अकरापर्यंत मशिन, स्कूटर परत बाहेर, डब्याऐवजी वडापाव. तीन आठवड्यांत वजन सव्वा किलो चढलं. मास्तर मला तोंड दाखवायला आले नाहीत, वहिनींनी फोन केला. मी त्यांना एवढंच म्हटलं की बॉबिनचं तेवढं चालू ठेवा, बाकी पंधरा जूननंतर बघू. शिंप्याच्या जूनमध्ये आहारतज्ज्ञाने नियम सांगायला जाऊ नये. पुढच्या वर्षी मात्र मेच्या आधीच काही ठरवून ठेवायला हवं, वहिनींनी रोज चणे-फुटाणे, दोन अंडी आणि ताक असा संध्याकाळचा डबा पाठवायचा, असं सध्या डोक्यात आहे.

एक गोष्ट इथेच नोंदवते. ही मार्गदर्शिका निरोगी माणसांसाठी आहे, औषधाच्या जागी वापरण्याची नाही. मास्तरांच्या बाबतीत डॉक्टर दर तीन महिन्यांनी तपासत होते. एप्रिलमध्ये आकडा ६.१ आला, तो बघून त्यांनी आणखी मुदत दिली. आकडा वर गेला असता तर गोळी सुरू झाली असती, आणि मीही तेच म्हटलं असतं.

सप्टेंबरच्या शेवटच्या आठवड्यात दोघं आले. नवरात्र चालू होतं. मास्तरांचं वजन ७३.५, बीएमआय २७, म्हणजे पंचवीसच्या रेघेपासून अजून लांबच. रक्तदाब १२८/८२. एचबीएवनसी ५.८, उंबरठ्याच्या अलीकडच्या कडेला, पण अजून उंबरठ्यावरच. वहिनींचं हिमोग्लोबिन ११.१, त्यात गोळ्यांचा हात मोठा आहे, पण भाजी आता त्यांच्याही ताटात असते. त्या आदल्या दिवशी अजिंक्यताऱ्यावर मंगळाईच्या दर्शनाला चालत जाऊन आल्या होत्या. मास्तर बरोबर होते, वाटेत दोनदा थांबले. वहिनी थांबल्या नाहीत, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं.

कंबर मोजायची वेळ आली तेव्हा मास्तरांनी टेप आधीच गळ्यात अडकवलेली होती. सदतीस इंच. खिशातून मापांची वही काढली, गिऱ्हाइकांची असते ती, शेवटच्या पानावर तारीख घालून स्वतःचं माप लिहिलं. वर जानेवारीचं साडेएकोणचाळीस, मग एप्रिलचं, जूनचं, ऑगस्टचं. जूनचं माप एप्रिलपेक्षा मोठं होतं, तेही खाडाखोड न करता तसंच.

पँट मात्र छत्तीसची होती, ती आता सैल झाली होती. दोन इंच आत घेतली का, असं विचारलं. "घेतली." मग कमरपट्टी उलटून आतली शिवण दाखवली. जास्तीचं कापड कापलेलं नव्हतं, नीट दुमडून आत टाचलेलं होतं. "राहू दे ताई. दिवाळी तोंडावर आहे."